'ईएसबीएल' निघालं म्हणून चिकन सोडायचं का?

इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या ७१ वर्षांच्या सासूबाईंना लघवीला जळजळ होऊन थंडी वाजून ताप आला. नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडेना, म्हणून लघवीचं कल्चर केलं, म्हणजे त्यातला जंतू वाढवून तपासला. त्यात ई. कोलाय हा जंतू निघाला, खाली 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असा शेरा आणि औषधांच्या यादीपुढे 'आर', 'आर', 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही). आठवडाभर इंजेक्शनं घेतल्यावर त्या आता बऱ्या आहेत. पण घरात नणंदेच्या यजमानांनी निकाल देऊन टाकला की दर रविवारी बॉयलर आणता, त्याचंच हे फळ. ताई विचारतात: चिकन बंद करावं का? त्याऐवजी कडकनाथ, म्हणजे ती काळ्या मांसाची देशी कोंबडी, आणला तर? आणि मीठ, हळद, व्हिनेगर लावून नीट धुतलं तर हे जंतू जातात का?

ताई, मी इंदूरमध्येच मायक्रोबायोलॉजीत नोकरी केली. पेशंट कमी पाहिले, त्यांच्या लघवी-रक्ताच्या प्लेट्स जास्त पाहिल्या. त्या अनुभवावरून आधी उत्तर देऊन टाकतो. चिकन बंद करायची गरज नाही. कडकनाथ आवडत असेल तर जरूर खा, पण या कारणासाठी नको. आणि चिकन धुऊ नका, अगदी व्हिनेगरनंसुद्धा. आता यामागची कारणं सांगतो, कारण तुमच्या घरच्या वादात दोन-तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत.

आधी तो रिपोर्ट समजून घेऊ. लघवीतला जंतू वाढला की आम्ही तो एका प्लेटवर सारवतो आणि त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतो. रात्रभर उबेत ठेवल्यावर सकाळी बघायचं. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल कडं दिसतं. चालत नसेल तर जंतूंचा थर थेट चकतीला जाऊन भिडलेला असतो. ईएसबीएलच्या तपासणीत सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकची एक चकती साधी असते आणि दुसरीत त्याच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. साध्या चकतीभोवती कडं जेमतेम, आणि जोडीच्या चकतीभोवती ते साध्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा अधिकने रुंद, असं दिसलं की आम्ही शेरा मारतो. त्याचा अर्थ एवढाच की हा जंतू सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रिॲक्सोन यांसारखी औषधं तोडणारं एन्झाइम तयार करतो आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या एन्झाइमला अडवतं. हा जंतू साध्या ई. कोलायपेक्षा जास्त विषारी असतो असं नाही. फक्त त्याच्यावर चालणारी औषधं थोडी उरलेली असतात, आणि उरलेल्यांपैकी बरीचशी शिरेतून द्यावी लागतात.

हा जंतू आला कुठून? सासूबाईंच्या स्वतःच्या आतड्यातून. ई. कोलाय सगळ्यांच्याच आतड्यात असतो. बायकांमध्ये तिथून मूत्रमार्गापर्यंतचं अंतर कमी, आणि पाळी गेल्यावर त्या भागाची नैसर्गिक राखण कमी होते, म्हणून या वयात हा त्रास वारंवार दिसतो. तेव्हा खरा प्रश्न असा होतो की हा ईएसबीएलवाला ई. कोलाय त्यांच्या आतड्यात कधी येऊन बसला. तो मागच्या रविवारी आला असेल, नाहीतर दोन वर्षांपूर्वी. काहीही त्रास न देता असे जंतू आतड्यात महिनोन्महिने राहतात. येण्याच्या वाटाही अनेक: इस्पितळातला मुक्काम, मागे घेतलेला एखादा अँटिबायोटिकचा कोर्स, पाणी, सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी, घरातलंच दुसरं कुणी, आणि हो, चिकनही. साध्या कल्चर रिपोर्टवरून यातलं नेमकं कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही. नणंदेच्या यजमानांनाही नाही.

तरी अंदाज बांधायला दोन आकडे देतो. नेदरलँड्समधून परदेशी फिरायला गेलेल्या लोकांची जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी केली, तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या दक्षिण आशियात फिरून गेलेल्यांपैकी जवळजवळ ७५ टक्के लोक ईएसबीएलचे जंतू आतड्यात घेऊन घरी परतले होते. काही आठवड्यांच्या सहलीत त्यांनी किती चिकन खाल्लं असेल? इथलं पाणी, इथलं अन्न, इथले हात, सगळ्यांतूनच ते मिळतं. दुसरा आकडा त्याच देशातला, २०१९ चा. तिथल्या सर्वसाधारण लोकांमध्ये हे जंतू कुठून येतात याचं गणित मांडलं, तर सुमारे ६० टक्के वाटा माणसाकडून माणसाकडे आणि साधारण पाचवा हिस्सा अन्नातून, असं निघालं. हॉलंडचं गणित इंदूरला जसंच्या तसं लागू होत नाही, आपल्याकडे पाण्याचा वाटा धरावाच लागेल. पण 'सगळं कोंबडीमुळे' हे तिथेही खरं ठरलं नाही. मी स्वतः कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरांतल्या लोकांचे असलेच रिपोर्ट भरपूर लिहिलेत.

मग कोंबडी निर्दोष का? तसंही नाही.

कोंबड्यांच्या खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळलं तर त्या कमी खाद्यात लवकर वजन धरतात, हे अमेरिकेत १९५० च्या सुमारास लक्षात आलं आणि ती पद्धत जगभर गेली. आजारी पक्ष्याला औषध देणं वेगळं आणि ठणठणीत पक्ष्यांना वजनासाठी रोज चिमूटभर देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात औषधाची मात्रा सगळे जंतू मारण्याइतकी नसते. नाजूक तेवढे मरतात, चिवट राहतात, आणि राहिलेले वाढतात. आजारासाठी दिलं तरी ते पाण्याच्या पाइपातून साऱ्या शेडला जातं. हजारो पक्ष्यांत कुठला किती प्यायला हे कुणी मोजू शकत नाही, त्यामुळे तिथेही कुणाला अर्धीमुर्धी मात्रा मिळतेच.

यात फार्मवाल्याला एकट्याला धोपटणं मला पटत नाही. बहुतेक शेतकरी कंत्राटावर असतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही बऱ्याचदा कंपनीच्या माणसाच्या सांगण्यावरून. पक्षी पाच-सहा आठवड्यांत विकायला तयार व्हायचा असतो. मधेच मर लागली तर त्याचा हिशोबच बसत नाही, म्हणून शिंकेचा आवाज आला की औषध पाण्यात. शेडमध्ये गर्दी कमी ठेवणं, तूस कोरडं ठेवणं, लसी वेळेवर देणं, बाहेरच्या माणसाला बूट बदलल्याशिवाय आत न सोडणं, एवढं नीट केलं तर औषधाची गरज बरीच घटते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेला कुठलाही डॉक्टर हेच सांगेल.

आता यातलं सगळ्यात गंभीर प्रकरण कोलिस्टिनचं. हे जुनं औषध. किडनीला अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. पुढे आयसीयूतल्या काही जंतूंवर मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिकही चालेनासं झालं, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा काढावं लागलं. आणि हेच कोलिस्टिन इकडे कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास चाललं होतं. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली की डुकरांत, मांसात आणि माणसांतही असा ई. कोलाय सापडलाय, ज्याचा कोलिस्टिन-विरोधी जीन प्लाझ्मिडवर आहे. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्रापासून सुटा असलेला डीएनएचा छोटा गोल तुकडा. एक जंतू दुसऱ्याला चिकटून त्याची नक्कल देऊ शकतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. म्हणजे कोंबडीच्या पोटातला निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा तुमच्या आतड्यात दोन दिवस राहून तिथल्या कुणाला तरी हा जीन देऊन जाऊ शकतो. त्या जीनला एमसीआर-१ म्हणतात. भारतात केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैत खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. आपल्या मध्य प्रदेशाचा अँटिबायोटिक-प्रतिरोधाचा राज्य आराखडाही त्याच वर्षीचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे कोंबडी, अंडी, दूध, मासे यांतल्या अँटिबायोटिकबद्दलचे सुधारलेले, जास्त कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. नियम चांगले आहेत. पण औषधाच्या दुकानात पावडरीचा डबा चिठ्ठीशिवाय मिळतो तोवर त्यांचा उपयोग अर्धाच.

बंदीचा उपयोग होतो, याचीही उदाहरणं आहेत. डेन्मार्कने १९९५ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यातलं ॲव्होपार्सिन बंद केलं. ते माणसांच्या व्हँकोमायसिन या औषधाच्याच घराण्यातलं. त्यानंतर तिथल्या कोंबड्यांमधले व्हँकोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस हे आतड्यातले जंतू बरेच खाली आले. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची (सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातलं जनावरांचं औषध) परवानगी काढून घेतली. कारण कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू. तो कोंबडीत सुखाने राहतो, आणि तिथेच त्याने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्याला दाद न देण्याची ताकद कमावली होती. युरोपीय संघात वजनवाढीसाठी अँटिबायोटिक देणं २००६ पासून पूर्ण बंद आहे.

तेव्हा समाजासाठी हा धोका खरा आहे. तुमच्या रविवारच्या रश्श्याला तो किती लागू होतो, हे मात्र वेगळं बघावं लागतं. आणि इथेच लोक दोन गोष्टी एक समजतात: मांसात उरलेलं औषध आणि मांसावरचा जंतू.

उरलेल्या औषधाबद्दल बोलायचं तर, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले. वर्तमानपत्रांत अजून तोच आकडा फिरतो. औषध बंद केल्यावर ठरावीक दिवस थांबून मगच पक्षी विकायचा असतो, ते दिवस पाळले नाहीत की असे अंश राहतात. शिजवल्याने त्यातली बरीचशी औषधं पूर्ण नाहीशी होत नाहीत. पण हे अंश अतिशय सूक्ष्म असतात आणि सासूबाईंच्या संसर्गाचं कारण म्हणून मी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. त्याचा बंदोबस्त फार्मवर आणि तपासणीत व्हायचा, स्वयंपाकघरात त्यावर काही करता येत नाही.

जंतूचं तसं नाही. अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू उष्णतेपुढे इतर जंतूंसारखाच मरतो. मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस तापमान गेलं की साल्मोनेला (हाही जुलाबाचाच जंतू), कॅम्पिलोबॅक्टर, ईएसबीएलवाला ई. कोलाय, सगळे संपले. आपल्याकडे चिकन रटरट शिजतं, कुकरला शिट्ट्या होतात, त्यामुळे रस्सा ही जवळजवळ सुरक्षित गोष्ट आहे. घोळ होतो तो ताटाच्या डाव्या बाजूला. कच्चा कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबाची फोड. चिकनची पिशवी ज्या ओट्यावर सोडली, ज्या सुरीने तुकडे सारखे केले, ज्या हाताने मसाला चोळला, तिथूनच हे सगळं जातं, आणि ते शिजत नाही.

म्हणून चिकन धुऊ नका म्हणतो. नळाखाली धुताना पाण्याचे बारीक थेंब उडतात. सिंकभर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर, तुमच्या बाहीवर. मांसावरचे जंतू धुण्याने जात नाहीत, ते घट्ट चिकटलेले असतात. तुम्ही फक्त ते पसरवता. मीठ-हळद-व्हिनेगरने वास जातो, मुरवण चांगलं लागतं, पण तेवढ्याने जंतूंचा भरवसा देता येत नाही. आईच्या हाताखाली शिकलेली सवय एकदम सुटत नाही, हे मला घरातूनच माहीत आहे. अगदीच धुवायचं तर पातेल्यात पाणी घेऊन, नळ न सोडता, हळूच बुडवून काढा. ते पाणी ओतल्यावर सिंक साबणाने घासा आणि मग हात.

माझ्या घरी एकच नियम आहे, आणि तो क्रमाचा आहे. कच्चं खायचं ते आधी चिरायचं, डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि मगच चिकनची पिशवी सोडायची. वेगळी सुरी, वेगळा पाट, रंगीत बोर्ड, हे सगळं छान आहे, पण क्रम सांभाळला तर त्यांच्यावाचूनही भागतं. पिशवी फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे पाणी गळलं तरी दह्या-दुधावर पडणार नाही. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. गोठलेलं चिकन ओट्यावर रात्रभर न ठेवता फ्रिजमध्येच सुटू द्या. मुरवणाचं पाणी वरून कच्चंच ओतू नका. आणि शिजलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तासाभरातच आत टाका.

बाहेरच्या तंदुरीबद्दल एवढंच सांगतो की हाडाजवळचं मांस गुलाबी आणि ओलसर दिसलं तर परत पाठवा. भिडेखातर खाऊ नका.

दुकान निवडताना 'अँटिबायोटिक फ्री' असं लेबल पाहण्यापेक्षा मांस तोडायचा ठोकळा पाहा. पिसं काढायच्या यंत्राच्या रबरी बोटांतून आणि गरम पाण्याच्या एकाच भांड्यातून एका पक्ष्याची घाण दुसऱ्याला लागत जाते, म्हणून पाणी बदलतात का, आतडी कापताना फुटली तर तुकडे तसेच पिशवीत टाकतात का, सुरी पुसायचं फडकं कसल्या रंगाचं झालंय, हे बघा. गर्दीच्या रविवारी दुपारी एकपेक्षा सकाळी लवकर गेलेलं बरं.

कडकनाथबद्दल. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपल्या माळव्याला शेजारचा म्हणून त्याचा अभिमान आहे, आणि मांस चवीला वेगळं असतं. परसात वाढलेल्या पक्ष्याला औषधं कमी मिळालेली असण्याची शक्यता आहे. पण इंदूरमध्ये कडकनाथ म्हणून मिळणारा प्रत्येक पक्षी परसातलाच असतो असं नाही, त्याचेही शेड असतात. आणि गावठी असो, कडकनाथ असो की बॉयलर, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर जात बघून येत नाहीत. ओट्यावरचा क्रम तोच ठेवायचा.

एक गैरसमज जाता जाता. चिकनच्या साल्मोनेलाचं नाव ऐकून पुष्कळांना टायफॉइड आठवतो. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी फक्त माणसांत राहतो आणि दूषित पाण्या-अन्नातून पसरतो, कोंबडीत तो नसतो. कोंबडी-अंड्यातले साल्मोनेला वेगळे. त्यांच्याने सहसा सहा तास ते तीन दिवसांत जुलाब, पोटात कळा, ताप येतो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा ओआरएस आणि आराम पुरतो, अँटिबायोटिक लागत नाही. उलट मनाने घेतलेलं अँटिबायोटिक आतड्यातल्या भल्या जंतूंना मारून रेझिस्टंट जंतूंना जागा करून देतं. सर्दीला ॲझिथ्रोमायसिन आणि जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन मेडिकलमधून आणायची सवय तुमच्या घरी असेल तर, ताई, मी चिकनच्या आधी ती सोडायला सांगेन.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. सासूबाईंना मधुमेह असेल, स्टेरॉइड किंवा केमो चालू असेल, किडनी कमकुवत असेल, तर थोडं कडक राहायला हवं. अर्धवट उकडलेलं अंडं नको, बाहेरचं ग्रिल्ड नको, घरचं पूर्ण शिजलेलं आणि गरम तेवढंच. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर सून असेल तर त्यांनाही हेच लागू. आणि नुकताच जड अँटिबायोटिकचा कोर्स झाला असल्याने पुढचे काही आठवडे त्यांचं आतडं बाहेरच्या जंतूंपुढे जरा उघडं आहे, तेवढा काळ विशेष जपा.

आत्ता त्यांना काही त्रास नसेल तर 'जंतू गेला का' हे बघायला पुन्हा पुन्हा कल्चर करू नका. या वयात लक्षणांशिवायही लघवीत जंतू सापडतात आणि मग विनाकारण औषध सुरू होतं. पण तो जुना रिपोर्ट फाडू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुन्हा कधी थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या किंवा अचानक गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं, तर घरच्या गोळ्यांवर दिवस न घालवता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांनी पहिलं औषध लिहायच्या आधी तो फोटो दाखवा. कल्चरचा नवा नमुनाही औषधाचा पहिला डोस जाण्याआधीच द्या.